शेवटचा नंबर कुणाचा?

पोपटराव जगदाळ्यांनी जन्मात कुणाचे पैसे बुडवले नव्हते. त्यामुळे पैसे बुडायला लागले की कसे दिसतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोह्यात इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या कॅम्पात, बारा नंबरच्या खोलीत, ते सहा वर्षं भिशी चालवत होते. सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे, महिन्याला प्रत्येकाने ठरलेले पैसे काढायचे, ज्याचा नंबर असेल त्याने सगळी रक्कम उचलायची. फरशी बसवणारा माणूस. सांधा ना फरशीचा चुकला, ना भिशीचा.

एका गुरुवारी जुन्या साइटवरच्या ओळखीच्या माणसाकडून त्यांच्या मोबाईलवर एक मेसेज आला. खाली पाच नावं होती. पहिल्या नावाला शंभर रियाल पाठवा, ते नाव खोडा, तळाला स्वतःचं नाव घाला आणि सहा जणांना पुढे पाठवा. तुमचं नाव सरकत वर पोचलं, की सात लाख सत्त्याहत्तर हजार सहाशे रियाल तुमचे! साखळी तोडणाऱ्याचा मात्र सात दिवसांत एसी बंद पडेल. महिना ऑगस्टचा होता, त्यामुळे ही शेवटची ओळ पोपटरावांनी दोनदा वाचली.

"आरं, ही तर भिशीच हाय," ते म्हणाले. "नावं लायनीत, प्रत्येकाची पाळी ठरल्याली. फकस्त मोठी हाय."

त्यांनी शंभर रियाल पाठवले आणि मेसेज खोलीतल्या पाच जणांना आणि मेसच्या आचाऱ्याला पुढे धाडला. समोरच्या कॉटवरचा हर्षल एसी मेकॅनिक होता, आणि कॅम्पात शंका काढायचं खातंही त्याच्याचकडे होतं.

"काका, फ्रॉड नाही ना हे?"

"फ्रॉडवाला कधी आपलं नाव लिहून देतो का लेका?"

कंपनीची बस चालवणारा कासम वरच्या कॉटवरून म्हणाला, "यादीत पोपटरावांचं नाव आहे ना? मग खलास, विषय संपला! यल्ला, चल पाठव."

आणि सहाच्या सहा जणांनी पैसे पाठवले. पुढे कासमने मेसेज आणखी सहा जणांना पाठवला. त्यात ऑफिसच्या अकाउंट्समधला वसईचा रेमंड होता. रेमंडने तो फोरमनला पाठवला. आठवडाभर सगळा कॅम्प एकमेकांना मेसेज पाठवत होता. पोपटराव वेस्ट बेच्या टॉवरात फरशी बसवत आणि खिशात फोन वाजला की सिमेंटचे हात पुसून बघत. दर वेळी कंपनीचाच निरोप असे: हेल्मेट घाला, पाणी प्या.

शुक्रवारी सुट्टी. बायकोचा, पारूबाईंचा, साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. गावातल्या बायकांची भिशी त्या चालवत, आणि घरात कोण जास्त चोख यावर वाद होता. आज तो निकालात काढावा म्हणून पोपटरावांनी ऐटीत सगळं सांगितलं.

पारूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आवं, भिशी हाय न्हवं? मग शेवटचा नंबर कुणाचा?"

"म्हंजी?"

"आमच्या भिशीत शेवटचा नंबर राणीचा. ती वरीसभर पैसं भरती, कारण शेवटी तिला मिळनार हे तिला ठावं हाय. तुमच्या भिशीत शेवटचा कोन? आन त्याला कोन देनार?"

पोपटराव "बघून सांगतो," म्हणाले आणि चप्पल घालून खरोखरच शेवटचा माणूस शोधायला निघाले.

आचाऱ्याने डोक्याला हात लावला. "मी सहा माणसं शोधतोय आणि मलाच नऊ जण शोधत आलेत." सलूनवाल्याला अकरा जणांकडून मेसेज आला होता. "दाढी करू की यादी करू?" तो म्हणाला. गेटवरच्या नेपाळी वॉचमनने तर त्यांना लांबूनच हात जोडले.

ते परत फिरतात तोच फोन वाजला. फोरमनचा मेसेज होता. पहिल्या नावाला शंभर रियाल पाठवा. खाली नावं होती: कुणीतरी अनोळखी, मग पोपटराव, कासम, रेमंड, फोरमन. आपलंच नाव दोन नंबरला बघून पोपटरावांना क्षणभर आनंद झाला. मग कळलं. ते नाव एक नंबरला न्यायचं, तर पैसे भरायचे त्यांनीच आणि नवी सहा माणसं आणायचीही त्यांनीच. आणि नवं माणूस कॅम्पात उरलंच नव्हतं.

शेवटचा माणूस सापडला होता. तो फरशी बसवत असे.

खोलीत रेमंड येऊन बसला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "पोपटराव, असले मेसेज मी बघितले की डिलीट करतो. तुमचं नाव दिसलं म्हणून पैसे टाकले."

पोपटरावांना फार लाज वाटली. शंभर रियाल गेल्याचं काही नव्हतं. सहा वर्षं जपलेलं नाव आपणच एका बोटाने पुढे ढकललं, याचं होतं.

"ऐका रं समदी," ते उभे राहून म्हणाले. "ही भिशी न्हाई, फसवनूक हाय. मी साखळी तोडली. म्या सहा जनांस्नी वढलं, त्या सहांचे सहाशे मी देनार."

त्याच क्षणी एसीने घरघर केली आणि तो बंद पडला.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होते.

"जोडा ती!" कासम ओरडला. "ती साखळी आधी परत जोडा!"

आता पोपटरावांचाही अंगठा फोनकडे निघाला. हर्षल मात्र स्टुलावर चढला. त्याने जाळी काढली आणि फिल्टर बाहेर ओढला. त्यावर धुळीची गोधडी बसली होती.

"शाप नाही, धूळ आहे," तो ओशाळून म्हणाला. "मे महिन्यापासून साफ करायचा राहिलाय."

"लोकांचे एसी धुतोस आणि इथं दिव्याखाली अंधार!" रेमंड म्हणाला आणि सगळे हसले. पोपटरावही हसले, जरा उशिरा. अर्ध्या तासात गार वारा सुरू झाला.

मग साखळी उलटी फिरली. "मला तू ओढलंस, माझे शंभर तू देणार," असं रेमंड कासमला म्हणाला. "आणि माझे तू," असं फोरमन दारातूनच रेमंडला म्हणाला. कासम पोपटरावांकडे बघायला लागला. शेवटी हर्षलनेच तोडगा काढला.

"रोख कुणी कुणाला द्यायचे नाहीत. खरी भिशी लावू. ज्याने ज्याला ओढलं, त्याने त्याचा पहिला हप्ता भरायचा. आणि काका, चालवणार तुम्हीच."

"मी? ह्यानंतर?"

"एवढ्या माणसांसमोर उभं राहून चूक कबूल करणारा दुसरा कुणी असेल तर सांगा," रेमंड म्हणाला. "लिहा माझं नाव."

पोपटरावांनी वहीत नावं लिहिली. डोळे पुसायचे होते म्हणून एसीची धूळ गेल्याचं निमित्त केलं. संध्याकाळी त्यांनी पारूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, लाज वाटली तेही सांगितलं.

"नवी भिशी लावलीया," ते हळूच म्हणाले.

"शेवटचा नंबर कुणाचा?"

"माझा."

पलीकडे शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"मग माझंबी नाव घाला," पारूबाई म्हणाल्या. "तुमच्या आधीच्या नंबरला."