पुलावरची घनघोर लढाई

क्रांती यशस्वी झाली, आणि ती का यशस्वी झाली हे ठरवण्यासाठी नव्या सरकारने तातडीने एक समिती नेमली. तातडी अशासाठी, की शाळा उघडायला आल्या होत्या आणि इतिहासाच्या पुस्तकातला शेवटचा धडा अजून जुन्याच सरकारच्या विजयाचा होता. तो धडा लिहिणारे मास्तर शहरातच राहत होते. त्यांना बोलावणं आलं. "आता आपलं काही खरं नाही," असं बायकोला सांगून मास्तर धुतलेला सदरा चढवून निघाले.

पण समितीत त्यांना खुर्ची मिळाली, वर चहाही मिळाला. नवा धडा त्यांनीच लिहायचा होता, कारण पाठ्यपुस्तकाची भाषा क्रांतिकारकांपैकी कोणालाच येत नव्हती. मास्तर घरी आले, जुना धडा पुढ्यात घेतला, आणि 'सरकार' होतं तिथे 'क्रांतिसेना' व 'बंडखोर' होतं तिथे 'जुनी राजवट' असं घालत गेले. नेतृत्वाची दूरदृष्टी, जनतेचा पाठिंबा, सैनिकांचं मनोधैर्य, शत्रूतली फाटाफूट. विजयाची सगळी कारणं जशीच्या तशी बसली. मास्तरांना मनातून जरा वाईटच वाटलं. जन्मभर मुलांकडून घोकून घेतलेला धडा सदऱ्यासारखा कोणाच्याही अंगात येतो म्हणजे काय?

घोटाळा झाला तो पुलापाशी.

शहरात शिरायला नदीवर एकच पूल होता आणि त्यावर पहारा होता मास्तरांच्या जावयाचा. जावईबापू हवालदार होते. माणूस सालस, नियमाला पक्का, जेवणाला त्याहून पक्का. जुन्या राजवटीत सगळ्या कार्यालयांना एक ते दोन जेवणाची सुट्टी असे, आणि पहाराचौकीला कार्यालयाचा दर्जा मिळावा म्हणून पूर्वी पुष्कळ भांडण झालेलं होतं. तेव्हा एक वाजला की जावईबापू पुलावर आडवी दोरी बांधत, तिच्यावर 'जेवणाची सुट्टी. दोन वाजता या' अशी पाटी अडकवत आणि आत जाऊन डबा उघडत. दोरी कपडे वाळत घालायचीच होती. शेळ्या तिच्याखालून जात. माणसं मात्र दोन्ही टोकांना थांबत. भाजीवाल्या थांबत, डॉक्टर थांबत, एकदा तर तिरडी खांद्यावर घेऊन लोक तासभर उभे होते. कोणी कुरकुर केली नाही. मेलेल्याने तर नाहीच नाही.

क्रांतिसेना नेमकी सव्वा वाजता पुलावर आली. तिच्या पुढे होते सेनानी. त्यांनी पाटी वाचली आणि हाक मारली, "कोणी आहे का आत?"

जावईबापूंनी घास तोंडात ठेवूनच सांगितलं, "दोन वाजता या."

सेनानींनी दोरीवरून टांग टाकली. मागोमाग सगळ्यांनी टाकली. एकाचा पाय अडकून मुरगळला, तेवढीच काय ती हानी. जावईबापूंनी हात धुऊन वरिष्ठांना फोन लावला, तर वरिष्ठही जेवायला गेले होते. दोन वाजले तेव्हा आकाशवाणीवर दुसराच माणूस बोलत होता. चाळीस वर्षांची राजवट एका डब्यात आटोपली, आणि हे शहरात ज्याला त्याला ठाऊक होतं.

मास्तरांनी धड्यात लिहिलं, 'पुलावर किरकोळ प्रतिकार झाला.' हेही त्यांनी पदरचंच घातलं होतं. आता सेनानी समितीचे अध्यक्ष झाले होते. त्यांना ते आवडलं नाही.

"मास्तर, किरकोळ प्रतिकार मोडायला क्रांती कशाला लागते हो? झाडूवाला पुरे."

"मग मध्यम लिहू?"

"घनघोर लिहा."

मास्तरांनी घनघोर लिहिलं. शब्दच तर आहे, कोणाचं काय जातं! पण घनघोर लढाईत कोणीच मेलं नाही हे शोभेना, म्हणून हुतात्मे आले. हुतात्मे आले म्हणून पुलाच्या तोंडाशी स्मारक आलं. स्मारक आलं तेव्हा या वीरांना मारलं कोणी, असा प्रश्न न्यायालयाला पडला. लढाईचं अधिकृत वर्णन एकच होतं, ते म्हणजे मास्तरांचा धडा. न्यायालयाने तो भर सभेत मोठ्याने वाचला आणि पहाऱ्याच्या प्रमुखाला, म्हणजे जावईबापूंना, गोळ्या घालण्याची शिक्षा फर्मावली. आपण जेवत होतो असं त्यांनी परोपरीने सांगितलं. आरोपीचं म्हणणं पाठ्यपुस्तकाशी विसंगत असल्यामुळे ते फेटाळण्यात आलं.

लेक माहेरी आली ती रडत नव्हती. ते मास्तरांना जास्त लागलं.

"बाबा, त्यांनी उभ्या जन्मात झुरळ मारलं नाही. मी मारते, ते खुर्चीवर चढून बसतात. आणि तुम्ही त्यांना घनघोर लढवलंत?"

"अगं, मला काय माहीत न्यायालय पुस्तक वाचेल! मुलंसुद्धा वाचत नाहीत."

"अहो, पोरीचं कुंकू पुसलं जाईल तुमच्या त्या धड्यापायी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जा आणि खरं काय ते लिहून या. उद्या दुपारी दीडला नेणार आहेत त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर सेनानींच्या दाराशी गेले. तिथे अर्धा दिवस बसवून त्यांना आत घेतलं गेलं. सेनानी माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं.

"मास्तर, ती दोरी मी स्वतः ओलांडली. मला ठाऊक नाही का? तुमचा जावई भला माणूस आहे. मला म्हणाला, 'दोन वाजता या.' रागावून नाही म्हणाला हो, प्रेमाने म्हणाला. पण पोरांना काय शिकवू? क्रांती जेवणाच्या सुट्टीत झाली?"

"साहेब, माझी एकुलती एक लेक आहे."

सेनानी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एक वाक्य घाला. 'शत्रूचे काही सैनिक त्या वेळी भोजन करीत होते.' काही सैनिक. त्यात तुमचा जावई बसतो आणि लढाईही घनघोर राहते. पाठ्यपुस्तक विभागाचा शिक्का घ्या, आणि तुरुंगात दाखवा की सोडतील. तळमजल्यावर आहे विभाग. पळा."

मास्तरांना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण वेळ नव्हता. ते जिने उतरले, दोनदा घसरले, तळमजल्याच्या बोळात पोहोचले आणि थांबले.

बोळात आडवी दोरी बांधलेली होती. पाटी नवी होती, अक्षर सुरेख होतं. 'जेवणाची सुट्टी. दोन वाजता या.' दोरीअलीकडे रांग उभी होती. पलीकडे टेबलाशी कारकून डबा खात होता आणि त्याच्या डाव्या हाताशी शिक्का पडला होता, इतका जवळ, की मास्तरांना त्याची मूठ झिजलेली दिसत होती.

"अहो, फक्त एक शिक्का!" मास्तर ओरडले. "दीडला माझ्या जावयाला गोळ्या घालणार आहेत!"

"अरेरे," कारकून म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं. "तुरुंगाची सुट्टी साडेबारा ते दीड आहे ना. कामं तुंबू नयेत म्हणून आता सगळ्या विभागांना वेगवेगळी सुट्टी ठेवली आहे. तुम्ही दोन वाजता या."

मास्तरांनी दोरीकडे पाहिलं. कपडे वाळत घालायचीच होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर होती आणि मध्ये थोडी झोळली होती. क्रांती का जिंकली हे अख्ख्या देशात एकाच माणसाने लेखी सांगितलं होतं, आणि तो माणूस आत्ता खऱ्या कारणाच्या अलीकडे उभा होता. त्यांनी धोतराचा सोगा उचलला. उजवा पाय वर घेतला.

"ओ मास्तर!" मागून आवाज आला. "रांग दिसत नाही का? आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत?"

"नाही हो, जरा नड होती..."

"नड सगळ्यांनाच आहे."

हे खरं होतं. मास्तरांनी पाय खाली ठेवला. ओशाळून हसले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईंनी त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली. रांगेतली माणसंही वाईट नव्हती.

दीडच्या सुमाराला तुरुंगाच्या बाजूने आवाज आला. रांगेने एकदा तिकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे पाहिलं. "आता अर्धाच तास," कोणीतरी म्हणालं. दोनच्या ठोक्याला दोरी सुटली. कारकुनाने मास्तरांना पाहिलं, लोकांना सांगून त्यांना पुढे घेतलं आणि शिक्का मारून दिला. दुरुस्ती मंजूर झाली.

त्यानंतर मास्तर लेकीच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. ती समोर आली की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. पण दुरुस्त धडा छापायला जाण्यापूर्वी त्यांनी खालच्या स्वाध्यायात आपल्या मनाने एक प्रश्न वाढवला. समितीने तो वाचला, तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. तो आजही तिथे आहे:

'पुलावरची दोरी चाळीस वर्षं कोणी ओलांडली नाही? स्वतःपासून सुरुवात करून नावे लिहा.'

उत्तर फार लांबतं आणि गुण कमी आहेत, म्हणून मुलं तो प्रश्न ऑप्शनला टाकतात. तुम्हीही टाकला असणार. नाहीतर मागून 'ओ मास्तर' म्हणून कोण ओरडलं, ते तुम्हाला आठवलं असतं.