तिसरा नकार

रविवारची प्रार्थना संपता संपता पास्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आपल्या आर्डिसबाई किती कनवाळू!" आणि आर्डिसबाईंनी हातातले प्रार्थनेचे पुस्तक फटकन मिटले.

जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या या बाईंना गावाने आजवर खडूस म्हटले होते, फार तर शिस्तीच्या. आता गुन्हा एवढाच, की गॅरेजमध्ये शिरलेल्या एकडोळ्या बोक्याला त्यांनी हाकलले नव्हते. कनवाळू म्हणजे नक्की काय, हे त्यांना कळेना.

गावाला मात्र बरोबर कळले. सोमवारी त्यांच्या गाडीत खोकेभर मांजरीची पिल्ले निघाली. मिनेसोटातल्या त्या गावात गाडीला कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणे. मंगळवारी एक लंगडे बदक आले. बुधवारी शेजारची ग्लेनिस दोरीला बोकड बांधून दारात उभी.

"नको गं," आर्डिसबाई म्हणाल्या.

"असं काय बाई, तुम्ही एवढ्या कनवाळू!"

"खरंच नको."

"बरं, मग कुंपणाला बांधते."

त्या गावात पहिला नकार रीत म्हणून देतात, दुसरा भीड म्हणून. खरा तिसरा. तो बाईंच्या ओठांवर येईपर्यंत ग्लेनिस पसार झाली होती.

त्या गोंगाटाने बोक्याने अन्न सोडले. बाई हबकल्या. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना त्या समोर बसलेल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, "मी कसली? खरा कनवाळू आपला ऑर्लिन!"

मदतीला धावलेल्या गावाने संध्याकाळपर्यंत सगळी जनावरे ऑर्लिनकडे पोचवली. बोक्यासकट.

बाई लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन धावल्या.

"माझा बोका दे."

"नाही."

"अरे, त्याच्यावाचून मला घर खायला उठतं."

"नाही. आत्ता कुठे दूध प्यायलाय तो."

ऑर्लिनने पुन्हा तोंड उघडताच बाईंनी त्यात वडी कोंबली. "दोनच नकार झाले!" म्हणत त्या आत घुसल्या. चुलीमागून बोका ओढून काढायला बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा ऑर्लिन अंगणात हात झटकत उभा होता, चेहरा अगदी भोळा.

अर्ध्या वाटेवर गाडीत शेजारी बसलेला बोका मागे बघून गुरगुरला. बाईंनी आरशात पाहिले. मागच्या सीटवर बोकड.

त्यांनी गाडी थांबवली. "नको," त्या बोकडाला म्हणाल्या. "खरंच नको."

बोकडाने हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली.

बाईंनी तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि, का ते त्यांनाही कळेना, तसेच मिटले.