वार्निश लावलेली कॉइल

मल्लूअण्णा चहा पिण्याआधी कपात वीज मोजायच्या मीटरच्या दोन सुया बुडवतात. उमरग्यात हायवेला लागून माझं मेडिकल आणि त्याला चिकटून अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे हा सोहळा मी रोज दोनदा बघतो. आकड्याचा चहाशी काय संबंध, असं एकदा विचारलं. "डाक्टर, सगळं रेझिस्टन्सवर हाय," एवढंच उत्तर मिळालं. मी डॉक्टर नाही, पण आमच्याकडं गोळ्या विकणाऱ्याला ही पदवी फुकट मिळते.

काही वर्षांपूर्वी अण्णांची बायको, आमच्या काकू, गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी अण्णांकडून बिडी सोडायचा शब्द घेतला होता. अण्णांनी तो पाळला, पण दुकानात येईल त्याच्यावर खेकसू लागले. ही दशा बघून हैदराबादच्या पुतण्यानं वाफेची सिगारेट आणून दिली. तेव्हा तिच्यावर बंदी यायची होती. आठ दिवसांत तिच्यातली रस तापवून वाफ करणारी कॉइल जळाली. नवी पाठवतो, असं पुतण्या म्हणाला आणि चाळीस वर्षं मोटरींच्या कॉइली भरणाऱ्या माणसाला ते भलतंच लागलं.

"इकतची कॉइल? म्या जिता असताना?"

पहिली कॉइल त्यांनी मोटरीच्या तांब्याच्या तारेची केली. वर धंद्याच्या सवयीनं ती वार्निशात बुडवून दोन दिवस उन्हात वाळवली. बिनवार्निशची कॉइल दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. पहिल्याच झुरक्याला सिगारेट अशी तापली की अण्णांनी ती रस्त्यावर फेकली. वास असा सुटला की एक शेतकरी मोटारसायकल थांबवून कुणाची मोटर जळाली म्हणून चौकशी करू लागला. अण्णा खोकत माझ्याकडं पाणी प्यायला आले. मी बोलायचं ते बोललो, उपयोग शून्य.

मग पुतण्यानं फोनवर समजावलं आणि अण्णा विजेच्या शेगडीत असते तसल्या बारीक तारेवर आले. स्क्रूड्रायव्हरवर वेढे घालायचे, मीटर लावायचं, उसवायचं, पुन्हा घालायचे. सहा वेढ्यांचे साडेपाच करण्यात अख्खी दुपार गेली आणि पंप घेऊन आलेला माणूस दारात ताटकळला. आता रस शोषायला कॉइलच्या आत कापूस हवा. माझ्याकडचा त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. म्हणे इंजेक्शनची चव येते.

एका सकाळी माझ्या काउंटरवर आंब्याच्या वासाचा ढग आला आणि ढगातून अण्णा निघाले. औषध घ्यायला आलेल्या बाईनं पदर नाकाला लावला. अण्णांचं नाचायचंच काय ते बाकी होतं. कापूस कुठला, विचारलं तर "घरचा" म्हणाले. पुढं तीन-चार महिने ढग नेमानं येत राहिला.

मग एकदम थांबला. कॉइल जळाली का, मी विचारलं. अण्णांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला. आत देवापुढं लावायच्या वाती होत्या. काकू रोज दुपारी ओट्यावर बसून वळायच्या, त्या.

"डबा भरून ठिवला हुता तिनं. सातच राहिल्यात. आता कसं घालू धुरात?"

"मग पुन्हा बिडी?"

"तिला शब्द दिलाय न्हवं."

मी चहा सांगितला. चहा आला, पण अण्णांनी कपाकडं पाहिलंसुद्धा नाही. खिशातून मीटर काढून दोन्ही सुया एका वातीच्या टोकांना लावल्या. आकडा काही येईना.

"अण्णा, कापूस आहे तो," मी म्हणालो.

"ठावं हाय," म्हणाले, आणि सुया तशाच धरून बसले.