झिपरूअण्णांची साखर आणि दोन वैद्य

एका जंगलात झिपरूअण्णा नावाचं अस्वल राहत होतं. हसू नका रे, अस्वलालाही नाव असतं! अण्णांचा मधावर भारी जीव. मग व्हायचं तेच झालं. रक्तात साखर वाढली.

डॉक्टर बगळ्यांनी रक्त तपासलं. म्हणाले, "रोज ही गोळी घ्या. आणि मध बंद."

"बंद म्हणजे... अगदी बंद?"

"अगदी!"

असला डॉक्टर कुणाला आवडेल? अण्णा तडक बांबूच्या बेटात गेले. तिथे चीनहून आलेले पांडा वैद्य बसत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि काढा दिला.

"दुसरं औषध चालू नाही ना?"

"छे हो!" अण्णा म्हणाले.

तर मुलांनो, अण्णा गोळीही घेत आणि काढाही पीत. वर मधही चाटत. बायको हौसाबाई ओरडल्या, की म्हणत, "दोन औषधं घेतोय ना? मग घाबरतेस कशाला!"

पुढे तपासणी जवळ आली. आता साखर कमी दिसायला नको? अण्णांनी आदल्या दिवसापासून खाणंच सोडलं. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली आणि वर दुप्पट काढा ढोसला. थोड्याच वेळात अंगाला दरदरून घाम फुटला, पाय लटपटले आणि अण्णा धप्पकन खाली बसले.

"अहो, असं काय करताय! मला टाकून जाऊ नका हो!" हौसाबाईंनी हंबरडा फोडला. तो ऐकून दोन्ही वैद्य धावत आले. हौसाबाईंनी रडत रडत गोळी आणि काढा दोन्ही पुढे ठेवलं.

"साखर पार उतरलीय," बगळे म्हणाले. "शुद्धीवर आहेत तोवर मध चाटवा!"

अण्णांना तरतरी आली. तोवर दोघे वैद्य प्रथमच शेजारी बसले होते.

"तुमच्या काढ्यानेही साखर उतरते?"

"तुमच्या गोळीनेही?"

मग गोळी किती, काढा किती, हे दोघांनी मिळून ठरवलं. अण्णांनी हळूच विचारलं, "आणि मध?"

"बंद!" दोघे एकदम ओरडले.

"अहो, भांडा की जरा!" अण्णा कळवळले. "दोन वैद्यांचं कधी पटतं का?"

पण त्यांचं पटलं. अण्णा वाचले. हौसाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच दिवशी टोपलीभर कारली आणली.

तात्पर्य: वैद्य खुशाल दोन करावेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख होऊ देऊ नये. ओळख झाली की रोगी जगतो, आणि मग जन्मभर कारल्याची भाजी खात बसतो.