आगाऊ माफीचे टॉवेल

ओयामादांच्या घराण्याला आजवर चारचौघांत कुणी वावगा शब्द बोललेलं नाही, हे किनु आजी दिवसातून एकदा तरी सांगायचीच. ऐकायला माणूस नसलं तर मुळ्यांना सांगायची. जपानातल्या योकोते गावच्या तिच्या धुरीघरात लोणच्याचे मुळे छताला टांगलेले असत, चेरीच्या लाकडाचा धूर खात खात सुरकुतत असत. आजीच्या मते घराण्याची अब्रू सुनेपेक्षा त्या मुळ्यांना जास्त कळत होती.

नातू तात्सुमा मुळे सोडून पैलवानकी करायला गेला तेव्हा आजीनं घरात नाक मुरडलं. गल्लीत मात्र छाती काढून सांगितलं, "आमचा पोरगा सोनेरी चड्डी घालतो आणि गुंडांना लोळवतो." हे तिचं तिनंच ठरवलं होतं. असल्या नाटकी कुस्तीच्या खेळात एक सज्जन असतो, एक दुर्जन असतो. ओयामादांचा पोरगा यातला कोण, हे काय कुणाला विचारायचं?

म्हणूनच तर ती सुनेला घेऊन बर्फातून सेंदाईच्या बसमध्ये बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला सबंध मुळा, तात्सुमाच्या कुस्ती कंपनीच्या मालकांसाठी. बस घाटातून उतरायला लागली तशी चिगुसा, म्हणजे तिची सून, हळूच म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंय."

"गॅस बंद केलायस ना?"

"केलाय. तात्सुमाचं सांगायचंय. तो सज्जन नाहीये."

"म्हणजे काय?"

"दुर्जनाचं काम करतो तो. शिंगांचा मुखवटा घालतो. लोकांच्या अंगावर पाणी थुंकतो, खुर्च्या उलथ्या करतो. आज तर प्रेक्षकांत घुसून धुमाकूळ घालायचाय म्हणे."

आजीनं मांडीवरच्या फडक्याची गाठ आवळली. "जवळ बसलेल्या सगळ्यांना त्रास होणार?"

"होणारच. आणि आई, आज त्याचं कायम व्हायचं की नाही ते ठरणार आहे. मालकांनी बजावलंय, की लोकांनी जर..."

"कळलं. कुणाची तक्रार यायला नको. बघते मी."

"तसं नाही हो, उलट..."

"मला शिकवू नकोस. घराचं छप्पर बदललं तेव्हा गल्लीत कोण फिरलं होतं?"

आजीच फिरली होती. हातोड्याचा पहिला ठोका पडायच्या आधी घरोघरी टॉवेल देऊन, कमरेत वाकून, होणाऱ्या त्रासाची माफी मागून आली होती. पुढं पंधरवडाभर ठोकाठोक चालली, पण एकाही शेजाऱ्यानं हूं केलं नाही. करणार कसं? टॉवेल घेतलेला होता ना. आधी मागितलेली माफी आणि आधी दिलेला टॉवेल यांपुढं भले भले मुके होतात. ही रीत आजी चौथीत शाळा सोडायच्याही आधीपासून जाणत होती.

सेंदाईत उतरल्याबरोबर तिनं बाजारातून टॉवेलांचे गठ्ठे घेतले. सभागृहात लोक येऊन बसत होते, तोवर ती रिंगणाभोवतीच्या रांगांतून फिरली. प्रत्येकासमोर वाकायची, दोन्ही हातांनी टॉवेल द्यायची.

"योकोतेच्या ओयामादांकडची मी. आज आमच्या मुलाकडून तुम्हाला थोडा त्रास होईल. सांभाळून घ्या."

"कुठला मुलगा, आजी?"

"तो शिंगंवाला. लहानपणी पोटाचा फार नाजूक होता."

आजीच्या शेजारच्या खुर्चीवर पिवळ्या केसांचा एक दांडगा गडी होता. दुर्जन पैलवानांना शिव्या देण्यात अख्ख्या सेंदाईत त्याच्या घशाला तोड नव्हती. तो तर उठून उभाच राहिला. "आजी, एवढं कशाला? आम्ही काय परके आहोत?" टॉवेल त्यानं गळ्यात घातला.

आजी खुर्चीत टेकली आणि चिगुसाला म्हणाली, "बघ. याला म्हणतात बंदोबस्त." चिगुसानं कपाळाला हात लावला.

घंटा झाली. आधी आजचा सज्जन, हिनोदे आला. सोनेरी चड्डी, दात मोत्यांसारखे, बायकांनी कागदी फितींचा पाऊस पाडला. मग दिवे लाल झाले, ढोल वाजला आणि शिंगांचा मुखवटा घातलेला तात्सुमा डरकाळी फोडत आला. सवयीनं लोकांनी तोंड उघडलं, हातातला टॉवेल पाहिला, तोंड मिटलं.

तात्सुमा चपापला. त्यानं पहिल्या रांगेतल्या एका साहेबांवर पाण्याची पिचकारी मारली. साहेबांनी टॉवेलनं चेहरा पुसला आणि मान लववली. "असू द्या, असू द्या. आजींनी सांगितलं होतं."

तो खुर्च्या उलथायला धावला, तर माणसं आधीच उठलेली. खुर्च्या नीट मिटून भिंतीला लावलेल्या. एका बाईंनी तर आपली खुर्ची त्याच्या हातातच दिली. "ही घे रे बाबा. ती दुसरी डुगडुगते, हाताला लागेल तुझ्या."

पोरगा गोंधळला. गोंधळलेला राक्षस म्हणजे लग्नात वाट चुकलेला वाजंत्री! हिनोदेनं त्याला पाठीवर आपटलं, तेव्हा टाळी एकानंही वाजवली नाही. सगळीकडून नुसतं चुकचुकणं. "चांगल्या घरचा दिसतो हो." हिनोदेनं हात वर करून दात दाखवले, तर मागून एक म्हातारे म्हणाले, "पुरे झालं. पोट नाजूक आहे त्याचं."

एवढ्यात कंपनीचे मालक, इवाबुची म्हणून होते, ते वाकत वाकत आजीच्या खुर्चीशी येऊन उकिडवे बसले. चेहरा सुतकी.

"टॉवेल तुम्ही वाटलेत?"

आजी खुलली. "आभार कसले मानता? आमच्याकडं रीतच आहे."

"बाई, त्याचा पगार शिव्यांचा आहे. ज्याला लोक शिव्या देत नाहीत असा दुर्जन मी पोसू कशाला? आज बघून ठरवतो म्हणालो होतो. ठरलं. उद्या तुमच्याच बसनं न्या घरी. मुळे टांगेल."

ते गेले. आजीनं सुनेकडं पाहिलं.

"हेच सांगत होते बसमध्ये," चिगुसा म्हणाली.

"मग ओरडून सांगायचंस."

"तुमच्यापुढं ओरडायला मला अजून एक जन्म लागेल."

खरं तर आजीला हेच हवं होतं. नातू घरी, मुळे छताला, अब्रू शाबूत. पण तिनं रिंगणाकडं बघितलं. पोरगं पुन्हा उठत होतं, पुन्हा डरकाळी फोडत होतं, आणि एक बाई त्याला पाणी हवं का विचारत होती. मुळे धुरवताना या पोराच्या तोंडावर असली ऊर्मी तिनं कधी पाहिली नव्हती.

ती पिवळ्या केसांच्या गड्याकडं वळली. "अहो, घाला की चार शिव्या."

"कसं शक्य आहे, आजी?" त्यानं गळ्यातला टॉवेल दाखवला.

"द्या मग तो इकडं."

"छे छे. दिलेली वस्तू परत करून तुमचा अपमान करू?"

तेवढ्यात हिनोदेनं तात्सुमाला दोरांवरून बाहेर भिरकावलं. तो घरंगळत येऊन आजीच्या पायाशीच पडला. एक शिंग वाकडं झालं होतं. मुखवट्याच्या भोकांतून दोन ओले डोळे दिसले.

"आजी," तो पुटपुटला, "मला घरी नाही यायचं."

मागोमाग हिनोदे आला. प्रेक्षकांकडं बघून हसत त्यानं तात्सुमाचं शिंग धरलं आणि त्याला ओढायला लागला. आणि किनु आजी उठली. फडकं सोडलं, मुळा दोन्ही हातांत धरला. जन्मभर लाकूड फोडलेले हात ते, जरा जास्तच वजन पडलं. मुळा हिनोदेच्या टाळक्यात असा बसला की सोनेरी चड्डीसकट सेंदाईचा लाडका पैलवान आडवा.

लोक टाचा उंचावून बघू लागले.

मग तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "अहो, ही काय रीत झाली?"

"म्हातारी लबाड आहे."

"आधी टॉवेल देते, मग मुळा घालते!"

पिवळ्या केसांच्या गड्यानं गळ्यातला टॉवेल ओढून काढला, मोठा श्वास घेतला आणि तुंबलेलं सगळं एकदम मोकळं केलं. बांध फुटला. चारी बाजूंनी शिव्या, आणि शिव्यांबरोबर टॉवेल. पांढरे टॉवेल रिंगणात थव्यानं येऊन पडू लागले. तात्सुमानं संधी साधली, हिनोदेला रिंगणात नेऊन उताणा पाडला, वर बसला. पंचांनी तीन मोजले. शिव्यांनी छप्पर हललं. मुखवट्याआड पोरगं हसत होतं.

खेळ संपल्यावर मागच्या खोलीत आजी हिनोदेसमोर कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत वाकली. तो डोक्यावर बर्फ धरून बसला होता. त्यानंही वाकून नमस्कार केला. "लागलं जरा, पण मुळा झकास मुरलाय, आजी. तुकडा तोंडात आला होता."

इवाबुचींचे डोळे भरून आले होते. "त्याचं कायम. पण पुढच्या रविवारी मोरिओकाच्या खेळाला तुम्हीही हव्यात."

"मी? ओयामादांच्या घराण्याला चारचौघांत कुणी..." एवढं बोलून आजी थांबली. बाहेर लोक अजून तिच्या नावानं खडे फोडत होते. घराण्याचं नाव तिनं स्वतःच रांगेरांगेत सांगितलेलं, त्यामुळं नावासकट चाललं होतं.

पुढच्या रविवारी मोरिओकाच्या व्यायामशाळेत ती पुन्हा खुर्च्यांमधून फिरत होती. एका काखेत नवा मुळा, दुसऱ्या काखेत टॉवेल.

"योकोतेच्या ओयामादांकडची मी. आज माझ्याकडून थोडा त्रास होईल. सांभाळून घ्या."

चिगुसानं तिला कोपऱ्यात गाठलं. "आई, पुन्हा टॉवेल? पुन्हा कुणी शिव्या देणार नाही."

"मला काय खुळी समजतेस?" आजी म्हणाली. "या बाजूलाच वाटलेत. त्या बाजूला एकही नाही."

त्या बाजूला आत्तापासूनच कुरकुर सुरू झाली होती.