गजभियांची लाल तक्रार

हिरवा रंग दिसला की गजभियांचं डोकं फिरतं. पालक-मेथीवर त्यांचा राग नाही. राग आहे तो ऑफिसातल्या पडद्यावर.

आमच्या ऑफिसात दिल्लीभरच्या पाण्याच्या तक्रारी येतात. तक्रार मिटली की पडद्यावर हिरवी, पडून राहिली की लाल. ज्याचं हिरवं जास्त, त्याचं कौतुक. मग काय! नळाला थेंब नसला तरी आमचे लोक बटण दाबून मोकळे. लाज नाही वाटत मेल्यांना!

गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. ते प्रत्येक तक्रारदाराला स्वतः फोन लावतात आणि आम्हाला दरडावतात, "विचारलंत का?" माझ्या मुलीला शाळेत मराठीत 'उत्तम' शेरा मिळाला, तर म्हणाले, "अडगळ म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "काका, ये क्या होता है?"

"बघा! हिरवं!" गजभिये गरजले. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

गेल्या महिन्यात यमुनेकाठच्या एका वस्तीच्या सगळ्या तक्रारी हिरव्या बघून साहेबांनी तिथली दुरुस्तीची गाडी काढून घ्यायचं ठरवलं. "वहाँ तो सब रिझॉल्व्ह है।"

"सर, किसी से पूछा?" म्हणत गजभियांनी भर बैठकीत वस्तीत स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने पाण्यावरून साहेबांचा असा उद्धार केला की गाडी जागेवर राहिली.

साहेबांनी डूख धरला. गजभियांच्याच टेबलावरची एक जुनी लाल तक्रार शोधून काढली. "कल तक ग्रीन करो, नहीं तो टेबल छोड़ो।" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाचं टेबल गेलं तर वस्त्यांमध्ये पाणी आलं की नाही, हे विचारणार कोण?

संध्याकाळी तणतणत वर त्यांच्या घरी गेलो. गजभिये फोनवर होते. पलीकडून म्हातारा आवाज आला, "पानी तो कब का आ गया बेटा। तू कल फोन करेगा ना?"

"करूँगा, अम्मा।"

मी भडकलोच. "अहो, पाणी आलंय! मग लाल कशाला?"

"हिरवी केली की फोन लावायला कारण उरत नाही. तिला दुसरं कुणी फोन करत नाही हो."

"आणि टेबल?"

गजभियांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "मलाही 'जेवलास का' म्हणणारी ती एकटीच आहे."

साहेबांवरचा माझा राग तसाच आहे. पण गजभियांना मी हाताला धरून खाली आणलं आणि बायकोला म्हटलं, "आणखी एक पान वाढ."