मोशीचे दिवाणखान्यात आवाज काबीज केल्याची हकिकत

श्री मोरया प्रसन्न. मौजे मोशी, इंद्रायणीतीर, मजला बारावा, येथे जे रण माजले ते पुढील पिढ्यांस यथास्थित ठाऊक असावे, कोणी पदरचे तिखटमीठ लावू नये, म्हणोन हे लिहिणे जाहले.

ऐसियास, राजश्री दौलतराव हे गावचे खानदानी गाडामालक, आणि त्यांचे चिरंजीव शेखरराव तळवडे मुक्कामी संगणकाची चाकरी करीत. शेखररावांनी नवे घर घेतले आणि घेताच दिवाणखाना व मुदपाकखाना यांमधील भिंत पाडविली, कारण वाकडचे मातबर लोक हल्ली भिंती ठेवीत नाहीत, आणि मग फोडणीचा ठसका, मिक्सरची घरघर व टीव्हीची बडबड ही तिन्ही राज्ये एक जाहली. दौलतरावांस टीव्ही ऐकू येईना. मग ते आवाज शिखरास नेऊन ठेवीत, आणि त्या गदारोळात शेखररावांच्या मातोश्री कुसुमताईंची मुदपाकखान्यातून सुटलेली फर्माने वाटेतच गारद होत. याविषयी मात्र दौलतरावांची काही तक्रार नव्हती.

इतक्यात प्रसंग गुदरला. रविवारी घाटात, म्हणजे शर्यतीचे चढणीवर, बैलगाड्यांची शर्यत, आणि खाशांचे, म्हणजे दौलतरावांचे, गुडघ्याचे ऑपरेशन ताजे. गाडा पुतणे रणजीतराव जुंपणार आणि खाशांनी तो टीव्हीवर पाहावा, ऐसे ठरले. उभ्या हयातीत घाट चुकण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी हुकूम फर्माविला की, "बैल दिसलं न्हाई तरी चालंल, पण भोंग्यावर माझं नाव पुकारत्यात ते मला ऐकू आलं पायजे." हे ऐकोन शेखररावांचे काळीज हलले.

ते तडक वाकडास स्वारी करून साउंडबार घेऊन आले, टीव्हीखाली ठोकला, आणि मागील सालची शर्यत लावून परीक्षा पाहिली. आवाज निघाला तो समोरील काचेवर आपटला, तेथून चिमणीत शिरला, आणि निवेदक विहिरीत पडून बोलतो ऐसे भासले. मग कुमकेस वूफर आणविला, भला थोरला, तोफखान्यात शोभावा ऐसा. तो सुरू होताच मांडणीवरील पातेली नाचू लागली, आणि खालचे मजल्यावरील निरंजनराव अनवाणी वर आले, तरी नाव म्हणोन ऐकू येईना. दौलतराव खवळले. "आरं, डीजे कशाला आणलास? लगीन हाय का माझं?" शेखरराव नामोहरम जाहले.

तेव्हां कुसुमताईंनी लाटणे खाली ठेविले आणि सवाल केला, "घाटात कर्णा कुठं बांधत्यात? बैलापाशी का माणसांपाशी?" कर्णा अर्थातच माणसांपाशी. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर धूळ खाल्लेल्या घराण्यास हे सुचू नये, हे लिहिताना आम्हांसच लाज वाटते. मग साउंडबार व वूफर माघारी धाडिले, आणि बदली दोन चिमुकले स्पीकर आणोन दौलतरावांचे खुर्चीच्या दोहों बाजूंस स्टुलांवर मांडिले.

रविवार उगवला. मिक्सर गर्जत होता, चिमणी घोंघावत होती, आणि त्या धुमश्चक्रीत अगदी कानाशी निवेदक पुकारिता जाहला, "मोशीकर दौलतरावांचा गाडा!" खाशांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. गाडा अर्ध्या घाटातून आडवा होऊन हरभऱ्यात शिरला आणि नंबर कोणताच आला नाही, परंतु नाव पुकारिले ते पुकारिले.

त्याउपरी मिक्सर थांबला. टीव्हीचा आवाज आता निम्म्याहून खाली होता आणि घर निवांत होते. मुदपाकखान्यातून, स्वर तिळभर न चढविता, फर्मान सुटले, "अवो, मेथी निवडायला घ्या." दौलतरावांनी सवयीने कानामागे हात नेला. मध्ये भिंत नव्हती आणि गदारोळही उरला नव्हता. "आता ऐकू आलं न्हाई म्हनू नका," ऐसे दुसरे फर्मान आले, तेही स्वच्छ ऐकू आले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन ती फत्ते मातोश्री कुसुमताईंचे नावे रुजू केली असे. दौलतरावांनी मेथी निवडली, एकेक देठ वेगळा करून.